हाक, नमस्कार आणि हॅलो

गेल्या मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्याकडच्या मार्गशीर्ष-पौषात, मी तीन आठवडे कुंभकोणमला राहिले. एका तंजावरी मराठी कुटुंबातल्या चाळीसेक जुन्या पोस्टकार्डांचे इंग्रजी भाषांतर करायचे होते. घरातल्या सगळ्यांत वडील बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. कार्डे त्यांच्या वडिलांनी आपल्या थोरल्या भावाला लिहिलेली, बहुतेक १९४०च्या दशकातली. भाषांतर हवे होते परदेशातल्या नातवासाठी. त्याला तमिळ बोलता येते, मराठी थोडी समजते, देवनागरी वाचता येत नाही.

हा नातू दर रविवारी फोन करतो. तिकडून "हॅलो, पाट्टी" येते, इकडून अक्कांचे "हॅलो" जाते आणि पुढचे सगळे तमिळमध्ये. एका रविवारी त्याने अक्कांना मोबाइलवर आलेली एक गोष्ट वाचून दाखवली. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेलची एक प्रेयसी होती, तिचे नाव मार्गारेट हॅलो, फोनवर त्याने पहिला शब्द उच्चारला तो तिचे नाव, आणि म्हणून आपण सगळे 'हॅलो' म्हणतो. फोन ठेवल्यावर अक्कांनी मला विचारले, "हे खरे का गं? नि खरे नसेल, तर मग हॅलोचा अर्थ काय?"

(अक्कांचे बोलणे मी इथे प्रमाण मराठीत लिहिते आहे. प्रत्यक्षात ते तसे नाही. त्याचा हेल तमिळ आहे आणि त्यात मधूनच असा एखादा शब्द येतो, जो मी तोवर फक्त जुन्या कागदांत वाचलेला असतो.)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. गोष्ट खोटी आहे. बेलचे लग्न ११ जुलै १८७७ रोजी मेबल हबर्ड हिच्याशी झाले. मेबलला लहानपणी आलेल्या तापात ऐकू येणे बंद झाले होते. म्हणजे ज्याच्या यंत्रामुळे जग फोनवर बोलू लागले, त्याच्या बायकोला त्या फोनवरचा एकही शब्द ऐकू येणार नव्हता. मार्गारेटच्या गोष्टीपेक्षा ही खरी गोष्ट मला जास्त हलवून जाते. आणि खुद्द बेलला 'हॅलो' हा शब्द नकोच होता. फोन उचलल्यावर 'अहॉय' म्हणावे, असे त्याचे मत होते. ही खलाशांची हाक. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला घालायची.

'हॅलो'ची बाजू घेतली ती एडिसनने. १५ ऑगस्ट १८७७ या तारखेचे त्याचे एक पत्र उपलब्ध आहे. पिट्सबर्गच्या एका तार कंपनीचे प्रमुख टी. बी. ए. डेव्हिड यांना ते लिहिलेले आहे. तेव्हा कल्पना अशी होती, की दोन कचेऱ्यांमधली टेलिफोनची तार कायम जोडलेलीच राहील. मग पलीकडच्या माणसाचे लक्ष वेधायचे कसे? त्यासाठी घंटा बसवावी का? एडिसनने कळवले, की घंटेची गरज नाही. 'हॅलो' असे ओरडले तर ते दहा ते वीस फुटांवरून ऐकू जाते. एडिसनला स्वतःला कमी ऐकू येत असे. म्हणजे या शब्दाची निवड झाली ती तो लांबून ऐकू येतो एवढ्याच कारणासाठी. घंटेऐवजी शब्द. पुढे घंटाही आली आणि शब्दही राहिला.

अक्कांना मी एवढे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तो नमस्कार नव्हेच. हाक आहे."

त्यांनी तीन शब्दांत जे सांगितले, तेच व्युत्पत्तीचे कोश सांगतात. 'हॅलो' हे रूप छापात दिसू लागते ते १८२०च्या दशकात, अमेरिकेत. त्याआधी इंग्रजीत 'हॅलो'ची अनेक भावंडे होती: हलो, हलू, हॉलो, हॉला. शेक्सपिअरच्या नाटकांत 'हॉला' आहे. शिकारीत कुत्र्यांना चेव आणण्यासाठी 'हलू' ओरडत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत माणसे आश्चर्य वाटले की 'हलो' म्हणतात, भेटल्यावर म्हणतीलच असे नाही. आणखी मागे गेले, की दोन वाटा दिसतात. एक फ्रेंच 'होला'ची, म्हणजे 'हो, तिथे!', थांब अशा अर्थाची. दुसरी जुन्या जर्मनची. तिथे 'आण', 'घेऊन ये' अशा अर्थाच्या धातूचे आज्ञार्थी रूप 'हाला', 'होला' असे होते, आणि ते विशेषतः नदीपलीकडच्या नावाड्याला हाक मारताना वापरत, असे अभ्यासक सांगतात.

कावेरीच्या घाटावर बसून हे वाचताना मला 'हाळी' हा आपला शब्द आठवला. हाळी देणे म्हणजे लांबच्या माणसाला मोठ्याने हाक मारणे. शिकारीत रान उठवणाऱ्यांच्या ओरडण्याला आपण हाकारा म्हणतो. बेलचा 'अहॉय' तर आपल्या 'अहो'च्या इतका जवळचा वाटतो, की मोह होतो. पण भाषांतरकाराने अशा मोहापासून लांब राहावे. आवाज सारखा म्हणजे कूळ एक, असे होत नाही. हंगेरीतही अशीच एक गोष्ट सांगतात, की 'हॅलो' हा त्यांच्या 'हालोम', म्हणजे 'मला ऐकू येते', या शब्दातून आला. प्रत्येक भाषेला वाटते, की हा शब्द आपल्याच घरातून गेला. याचे कारण मला साधे वाटते. लांबच्या माणसाला हाक मारायची तर छातीतून हवा सोडावी लागते आणि स्वर लांबवावा लागतो. म्हणून 'ह' आणि लांब 'ओ' किंवा 'आ' हे जगभरच्या हाकांत पुन्हा पुन्हा भेटतात.

स्वर लांबवण्याची ही गोष्ट पाणिनीनेही नोंदवली आहे. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात दोन सूत्रे शेजारी शेजारी येतात. चौऱ्याऐंशीवे सूत्र सांगते, की लांबून हाक मारताना शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा करावा. त्याच्या आधीचे त्र्याऐंशीवे सूत्र नमस्काराच्या उत्तराविषयी आहे. कोणी अभिवादन केले, की उत्तर देताना त्याच्या नावाचा शेवटचा स्वर तसाच लांबवावा. मात्र तो शूद्र असेल तर लांबवू नये. पतंजलीने महाभाष्यात याचा पुढचा भाग सांगितला आहे. ज्यांना उत्तर देताना स्वर कसा लांबवायचा हे ठाऊक नाही, त्यांच्यापुढे प्रवासाहून परतलेल्याने विधिपूर्वक अभिवादन करू नये. बायकांपाशी म्हणतात तसे नुसते 'हा मी' म्हणावे.

हाक आणि नमस्कार ही दोन सूत्रे एकमेकांना टेकून उभी आहेत, पण त्यांच्यात एक मोठा फरक आहे. लांबून हाक मारताना समोरचा कोण हे विचारले जात नाही, स्वर सगळ्यांसाठीच लांबतो. नमस्काराचे उत्तर देताना मात्र आधी पाहावे लागते, की माणूस कोणत्या वर्णाचा आहे.

मराठीचा इतिहास या दुसऱ्या सूत्राच्या अंगाने गेला. आपल्याकडे अभिवादनाचे शब्द पुष्कळ: नमस्कार, रामराम, दंडवत, मुजरा, जोहार, सलाम, आशीर्वाद. पण यातला कोणता शब्द कोणी कोणाला म्हणायचा, हे ठरलेले होते. जोहार हा महारांनी इतरांना घालायचा. नमस्कार हा शब्द ब्राह्मण आपला मानत. १७७९ साली पुणे दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या इंग्रज सरकारने सोनार ज्ञातीच्या लोकांना 'नमस्कार' हा शब्द वापरायला मनाई केली होती. एका शब्दासाठी दोन सरकारांमध्ये लिखापढी झाली. त्यात खरा वाद दर्जाचा होता, हे उघड आहे. म्हणूनच पुढे ज्यांना तो दर्जा झुगारायचा होता, त्यांनी आधी अभिवादनाचा शब्द बदलला. 'जयभीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. जोहार घालणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने ताठ उभे राहून जयभीम म्हटले. वारकऱ्यांचे 'रामकृष्ण हरी' किंवा महानुभावांचे 'दंडवत प्रणाम' यांतही पंथातल्या सगळ्यांना एकच शब्द असण्याचा आग्रह दिसतो.

कुंभकोणममध्येही हे शब्द येऊन पोचले होते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले. ते राज्य १८५५ साली खालसा झाले. या पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांत कारकून, कीर्तनकार, शास्त्री, शिपाई, सगळे कावेरीच्या खोऱ्यात आले आणि राहिले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांच्या काळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. राज्य गेल्यावरही माणसे राहिली. सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमला जन्मले. ते त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि १८७५पासून बडोद्याचे दिवाण होते. एडिसनने पिट्सबर्गला ते पत्र लिहिले, तेव्हा कुंभकोणमचा हा तंजावरी मराठी माणूस बडोद्यात मराठ्यांच्याच एका राज्याचा कारभार पाहत होता.

अक्कांचे वडील काही दिवाण नव्हते. ते एका कचेरीत कारकून होते. पण पत्राचा मायना त्यांनी कधी चुकवला नाही. सगळ्यांत वर मधोमध 'श्री'. मग 'तीर्थस्वरूप अण्णांचे सेवेसी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. मुलांचा उल्लेख आला, की 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद'. पोस्टकार्ड हिंदुस्थानात १८७९ साली आले. एवढ्याशा कार्डावर जागा किती, तरी पहिल्या दोन ओळी मायन्यात जात. 'मायना' हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच 'अर्थ' असा आहे. पत्राचा जो भाग आपण नुसता उपचार समजून ओलांडतो, त्याला मराठीने 'अर्थ' असे नाव दिले आहे.

या मायन्याशी फोनचे पटणे अवघड होते. २८ जानेवारी १८८२ हा हिंदुस्थानातल्या टेलिफोन सेवेचा पहिला दिवस मानतात. त्या वर्षी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इथे एक्स्चेंज सुरू झाली. आता विचार करा, घंटा वाजते, तुम्ही फोन उचलता. पलीकडे कोण आहे? थोरला की धाकटा, बाई की पुरुष, ब्राह्मण की सोनार की महार? त्याला नमस्कार म्हणायचे की रामराम की आशीर्वाद? माणूस दिसत नाही, त्याचे कपडे दिसत नाहीत, कपाळावरचे गंध दिसत नाही. जुन्या मराठी व्यवहारात समोरच्याला ओळखल्याशिवाय अभिवादन करताच येत नसे. फोनवर अभिवादन आधी आणि ओळख नंतर. तिथे असा शब्द हवा होता, ज्याने कोणालाच काही ठरवावे लागणार नाही. 'हॅलो'ने ती जागा घेतली. त्याला वय नाही, लिंग नाही, जात नाही, एकवचन-बहुवचन नाही. पाणिनीच्या भाषेत सांगायचे, तर तो नमस्काराच्या उत्तराचा नियम मोडून लांबून हाक मारण्याच्या नियमात गेला, जिथे स्वर सगळ्यांसाठी सारखाच लांबतो.

त्याने जात संपवली, असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. 'हॅलो'नंतरचा दुसरा शब्द असतोच: "कोण बोलतंय?" आणि मग आडनाव. पण निदान एक शब्दभर आपण सगळ्यांशी सारखे वागतो. आपल्या अभिवादनांचा इतिहास पाहता हे थोडके नाही.

२०२२ साली महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणण्याचे आवाहन करणारा निर्णय काढला. 'हॅलो' हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, त्याला विशिष्ट अर्थ नाही आणि त्यातून आपुलकी जागी होत नाही, असे कारण तेव्हा सांगितले गेले. शब्द परका आहे हे खरे. त्याला अर्थ नाही हेही जवळजवळ खरे. पण माझ्या मते तो टिकला तो याच गुणावर. अर्थ असलेले जे शब्द आपल्याकडे होते, त्यांतल्या प्रत्येकाने कोणाला तरी आत घेतले आणि कोणाला तरी दाराबाहेर ठेवले. तमिळमध्येही हा झगडा झालाच. 'वणक्कम' हा शब्द 'वणंगु', म्हणजे वाकणे, या धातूवरून आलेला. विसाव्या शतकात संस्कृत 'नमस्कारम्'ला पर्याय म्हणून त्याचा जाणीवपूर्वक पुरस्कार झाला. आज कुंभकोणमच्या बाजारात दोन्ही ऐकू येतात, आणि कोण कोणता वापरतो यावरून लोक बरेच काही ओळखतात. 'हॅलो'वरून मात्र काहीच ओळखता येत नाही.

एवढे सगळे मनात जुळवून मी भाषांतराला बसले. त्याच सुमारास नातवाचा निरोप आला, की मायना फार लांब वाटतो, सगळीकडे नुसते 'हॅलो अण्णा' लिहिले तरी चालेल. क्षणभर मला ते पटलेही. मी नुकतीच मनातल्या मनात 'हॅलो'ची इतकी वकिली केली होती! शिवाय साष्टांग नमस्काराचे इंग्रजी करताना ते एक तर हास्यास्पद होते किंवा पाद्र्याचे वाटते.

मग अक्कांनी गठ्ठ्यातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. त्यावर 'श्री' नव्हता. मायना नव्हता. कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता. वर नुसते 'अण्णा' आणि खाली चार ओळी, आई गेल्याच्या. आपल्याकडे अशुभ वार्तेच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. अक्का म्हणाल्या, "काकांनी हे कार्ड हातात घेतले आणि वाचायच्या आधीच ते खाली बसले. वरची जागा मोकळी दिसली ना."

चाळीस कार्डांवर 'हॅलो' लिहिले असते, तर या एकेचाळिसाव्या कार्डाचे भाषांतर करणेच अशक्य झाले असते. वरची मोकळी जागा बोलायची, तर बाकीच्या कार्डांवर ती भरलेली दिसायला हवी. नमस्काराच्या शब्दांनी माणसांना उतरंडीत बसवले हे खरे. पण त्याच शब्दांनी दूरवरच्या माणसाला सांगितले, की सगळे ठीक आहे, पुढे वाच. 'हॅलो' माणसाला बोलावतो. तो हे दुसरे काम करू शकत नाही.

मी मायना ठेवला. दर कार्डावर 'श्री' आणि 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' रोमन लिपीत, जसेच्या तसे. अर्थ एकदाच, पहिल्या कार्डाखाली. त्या एका कार्डावर वरची जागा कोरी सोडली आणि तिथे काहीही स्पष्टीकरण दिले नाही.

मी निघण्याच्या आदल्या रविवारी फोन आला. मसुदा त्याला आधीच पोचला होता. "हॅलो, पाट्टी." "हॅलो." मग तिकडून थोडा वेळ काहीच नाही. मग त्याने तमिळमध्ये विचारले, की त्या एका कार्डावर वर काहीच का नाही?

अक्का आधी मराठीत बोलल्या. त्याला थोडे कळले असावे, थोडे नसावे. मग त्यांनी तेच तमिळमध्ये सांगितले. मी तोवर आत जाऊन कॉफीचे भांडे चुलीवर ठेवले. बऱ्याच वेळाने त्या फोन ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी श्री कसा लिहायचा ते दाखव म्हणतो."